पोलाद मजबूत, मग स्लीपर सिमेंटचे का?

आमच्या गावाजवळच्या स्टेशनात मालधक्क्याला लागून एक सायडिंग होतं. गाडी तिथे क्वचित यायची, रुळांच्या मधून गुडघाभर गवत वाढलेलं असायचं. त्या रुळांखाली आडवे टाकलेले पोलादी स्लीपर होते, गंजून चॉकलेटी झालेले. लहानपणी त्यांच्यावर दगड आपटला की उपड्या पिंपावर मारल्यासारखा पोकळ आवाज यायचा. दहा पावलांवर मेन लाइन होती आणि तिथे राखाडी सिमेंटचे ठोकळे. त्यांच्यावर दगड मारला तर फार तर एखादा टवका उडायचा, आवाज काहीच नाही.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात अडकून बसली होती. पोलाद गवतात पडलेलं आणि सुसाट धावणाऱ्या एक्सप्रेसच्या खाली सिमेंट! हे उलटं नको का? घणाचा घाव घातला तर सिमेंट फुटतं, पोलाद फार तर वाकतं. मग मोठ्या कामाला सिमेंट कसं काय निवडलं?

पुढे वाचत गेलो, जुन्या रेल्वेवाल्यांशी बोललो, तेव्हा कळलं की प्रश्नच चुकीच्या जागेवरून विचारला होता. स्लीपरची परीक्षा ताकदीची नसतेच मुळी. ताकदीत लाकूड, बीड (म्हणजे ओतीव लोखंड), पोलाद, सिमेंट सगळेच पास होतात. नापास व्हायचे विषय वेगळे आहेत.

आधी स्लीपर करतो काय, ते पाहू. भरलेल्या मालडब्याच्या एका आसावर साधारण २३ टन भार असतो, म्हणजे एका चाकाखाली अकरा-साडेअकरा टन. हे चाक रुळाला टेकतं ती जागा जेमतेम एखाद्या नाण्याएवढी. तो भार तसाच जमिनीत गेला तर रूळ मातीत रुतेल. रूळ तो भार तीन ते पाच स्लीपरवर वाटतो, स्लीपर तो आपल्या रुंदीभर पसरून खडीला देतात आणि खडी आणखी पसरून खालच्या भरावाला देते. आपल्याकडच्या मुख्य मार्गांवर एका किलोमीटरला १,६६० स्लीपर घालतात, म्हणजे जवळजवळ दर दोन फुटाला एक.

पण भार वाटणं हे झालं अर्धं काम. दोन रुळांमधलं अंतर कायम राखायचं. आपल्या ब्रॉडगेजचं हे अंतर १,६७६ मिलिमीटर. रूळ सरळ उभा नसतो, तो किंचित आतल्या बाजूला, विसात एक एवढा कललेला असतो. तो कल टिकवायचा. आणि सगळा सांगाडा खडीत रोवून ठेवायचा, पुढे-मागे किंवा बाजूला सरकू द्यायचा नाही. अमेरिकेत याच वस्तूला टाय म्हणतात, म्हणजे बांधून ठेवणारा. आपण इंग्रजांचा शब्द घेतला, आणि तोही असा की 'स्लीपर' म्हटल्यावर पहिल्यांदा आठवतो तो साइड लोअर बर्थ.

जंगलातून आलेला स्लीपर

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, त्या काळी स्लीपर म्हणजे लाकूड. लाकूड करवतीने कापता येतं, त्याला भोक पाडून खिळा ठोकता येतो, दोन माणसांना उचलता येतं, शिवाय त्याला अंगचीच लवचीकता असते. चाक वरून गेलं की ते किंचित दबतं आणि पुन्हा वर येतं. गाडीचा दणका ते स्वतःच्या अंगावर जिरवतं. वीजही वाहून नेत नाही. हा शेवटचा गुण त्या काळी कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. त्याची किंमत पुढे कळली.

अडचण होती वाळवीची आणि पावसाळ्याची. कुठलंही जंगली लाकूड रुळांखाली घातलं तर ते काही वर्षांत पोकळ व्हायचं. बिनप्रक्रियेचं टिकेल असं आपल्याकडचं लाकूड म्हणजे साग, साल आणि देवदार. युरोपातून क्रिओसोटमध्ये, म्हणजे डांबरापासून काढलेल्या तेलात, मुरवलेलं पाइनचं लाकूड जहाजाने यायचं, पण ते महाग पडायचं. मग कुऱ्हाड जंगलांवर चालली. गढवालमध्ये भागीरथीच्या खोऱ्यातल्या हर्सिलला फ्रेडरिक विल्सन नावाचा इंग्रज राहायचा. त्याने देवदार तोडून ओंडके नदीत सोडले, ते वाहत खाली मैदानात आले आणि रेल्वेला विकले गेले. विल्सन त्यातून गडगंज झाला. १८६४ मध्ये सरकारने वनखातं काढलं, जर्मन वनशास्त्रज्ञ डीट्रिश ब्रांडिस त्याचे पहिले प्रमुख झाले, आणि पुढच्याच वर्षी पहिला वनकायदा आला. त्यामागे वनप्रेम फारसं नव्हतं. स्लीपरना लाकूड पुरणार नाही, ही काळजी होती. आपल्याकडे 'राखीव जंगल' या शब्दामागे रेल्वेचा रूळ आहे, हे आपल्या फारसं लक्षात नसतं.

जाता जाता एक सांगून टाकतो. हल्ली जुन्या लाकडी स्लीपरची टेबलं, बाकं फार चालतात. दिसतात झकास. पण ज्या लाकडाला डांबरासारखा उग्र वास येतो, त्यात क्रिओसोट मुरलेलं असतं आणि क्रिओसोट कर्करोगाला कारण ठरू शकतं. असलं लाकूड स्वयंपाकघरात किंवा पोरांच्या खोलीत नको.

बिडाचे वाडगे आणि कीमनचा हातोडा

लाकडाला पर्याय म्हणून आधी पोलाद आलं नाही, बीड आलं. दोन रुळांखाली दोन उपडे वाडगे आणि ते जोडणारी लोखंडी पट्टी, असे हे 'पॉट स्लीपर'. त्यातून सुधारत सुधारत आपल्याकडे सीएसटी-९ नावाचा बिडाचा स्लीपर आला. हे नाव म्हणजे मध्यवर्ती मानक कार्यालयाच्या नवव्या चाचणीचा नमुना, इतकंच. तो दशकानुदशकं देशभर वापरात राहिला. बीड गंजायला सावकाश, वाळवीचा प्रश्न नाही, आणि भट्टीत ओतून हव्या त्या आकाराचं करता येतं. पण ते ठिसूळ. दणका बसला की तडकतं. वेग वाढू लागले तसे त्याचे दिवस भरले.

बिडाच्या आणि पोलादी, दोन्ही स्लीपरमध्ये रूळ पकडायला चावी असायची. चावी म्हणजे एका टोकाला निमुळती पोलादी पाचर. स्लीपरच्या जबड्यात रुळाचा पाया बसवायचा आणि फटीत ही पाचर हातोड्याने ठोकायची. गाडीच्या थरथरीने पाचर हळूहळू ढिली होते, बाहेर येते. म्हणून रोज सकाळी एक माणूस आपल्या वाट्याचा पट्टा चालत जायचा, प्रत्येक चावीकडे बघत, ढिली दिसली की ठोकत. तो कीमन. आज मुख्य मार्गांवर त्या चाव्या जवळजवळ उरल्या नाहीत, माणूस मात्र अजून रोज चालतो आणि नावही तेच आहे. उन्हापावसात, अंगात नारिंगी जाकीट, खांद्यावर हत्यारं. गाडीच्या खिडकीतून तो दिसतो आणि मागे पडतो.

पोलादी स्लीपर: उपडी पन्हळ

आता मूळ विषयाकडे येऊ. पोलादी स्लीपर म्हणजे भरीव पोलादाचा ठोकळा, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. तसा असता तर तो उचलायला क्रेन लागली असती. प्रत्यक्षात तो एक जाड पत्रा आहे, कौलारू घराच्या वळचणीला लावलेल्या पन्हळीसारखा वळवलेला आणि उपडा टाकलेला. रेल्वेत त्याला ट्रफ स्लीपर म्हणतात. दोन्ही टोकं खाली वाकवलेली असतात, म्हणजे ती खडीत नखासारखी रुततात. रूळ बसतो त्या जागी पत्रा आतल्या बाजूला कललेला असतो, त्यामुळे विसात एकचा कल आपोआप मिळतो. ब्रॉडगेजच्या अशा स्लीपरचं वजन ऐंशी किलोच्या आसपास, जवळपास लाकडी स्लीपरएवढंच.

याचे फायदे खरे आहेत. वाळवी नाही, कुजणं नाही, आग नाही. नीट राखला तर चाळीस-पन्नास वर्षं चालतो. लाकूड एवढं पुरत नाही. पन्हळी एकात एक बसतात, त्यामुळे एका ट्रकात किंवा वाघिणीत ढिगाने नेता येतात. पोटात पोकळी असल्याने तो खडीत बसतो, खडीवर नाही, म्हणून एकूण उंची कमी लागते आणि खडीही कमी लागते. आणि आयुष्य संपलं तरी भंगारात चांगला भाव. लाकूड जळणात जातं, पोलाद पुन्हा भट्टीत जाऊन पोलादच होतं.

पण पोटातल्या त्या पोकळीचाच त्रासही आहे. तिच्यात खडी ठासून भरली पाहिजे. ती भरली नाही तर स्लीपर फक्त कडांवर उभा राहतो, गाडी गेली की खाली बसतो, रूळ वरखाली होतो. आतली खडी बाहेरून दिसत नाही. ठासणाऱ्या माणसाच्या हाताला आणि कानाला ते कळावं लागतं. लहानपणी ऐकलेला तो पिंपासारखा आवाज म्हणजे आमच्या सायडिंगच्या स्लीपरची पोटं रिकामी होती, त्याचा पुरावा! दुसरं म्हणजे, जबडा बसवायला पत्र्याला पाडलेली भोकं किंवा पत्राच कापून वर उचललेले कान, या जागा कमजोर पडतात. वर्षानुवर्षं भार येऊन तिथून तडे जातात.

आणि गंज. कोरड्या पठारावर तो फारसा सतावत नाही. समुद्राजवळ, ओल्या बोगद्यात आणि एका खास भारतीय कारणाने तो फार सतावतो. डब्यांच्या संडासातलं सगळं वर्षानुवर्षं थेट रुळांवर पडत होतं. रूळ आणि त्याला धरून ठेवणारे लोखंडी भाग त्याने खाऊन टाकले. २०१२ मध्ये डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने रेल्वे सुरक्षेवर अहवाल दिला, त्यात हे उघडे संडास बंद करण्याचा आग्रह होता. आपण त्याकडे स्वच्छतेचा विषय म्हणून पाहतो. रेल्वेच्या इंजिनीअरसाठी तो पोलाद वाचवण्याचाही विषय होता.

तरीही या कारणांनी पोलादी स्लीपर मेन लाइनवरून गेला नसता. गंजाला रंग आहे, तड्याला जाड पत्रा आहे. त्याला हरवलं दोन गोष्टींनी: ऊन आणि सिग्नल.

उन्हाचं गणित

जुन्या गाडीचा 'खटक-खटक' आवाज आठवतो? तो रुळांच्या सांध्यांचा. १३ मीटरचा एक रूळ, मग फट, मग पुढचा रूळ. तापमान ४० अंशांनी वाढलं तर असा रूळ सहा मिलिमीटर लांबतो. ती लांबी फटीत मावते. पण प्रत्येक फटीवर चाक आपटतं, रुळाचं टोक झिजतं, खालचा स्लीपर हलतो, खडी सैल होते. देखभालीचा मोठा खर्च या सांध्यांवर व्हायचा. म्हणून सांधे काढून टाकायचे, रूळ एकमेकांना वितळजोड देऊन एकसंध करायचे असं ठरलं. आज सलग जोडलेले लांबच लांब रूळ सगळीकडे दिसतात.

आता गंमत पाहा. एक किलोमीटर सलग रूळ ४० अंशांनी तापला आणि मोकळा सोडला तर तो ४६ सेंटिमीटर वाढेल. फूट-दीड फूट वाढलेला रूळ जाणार कुठे? त्याला जाऊच द्यायचं नाही, असा उपाय काढला. स्लीपर आणि खडी यांनी त्याला इतकं घट्ट धरायचं की त्याला लांबताच येणार नाही. मग ही न झालेली वाढ रुळाच्या अंगात दाब बनून राहते. मीटरला ६० किलो वजनाच्या आपल्या रुळात दर अंशाला सुमारे १.९ टन दाब तयार होतो. समजा रूळ ४० अंशांवर बसवला आणि चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी तो ६५ अंशांवर गेला (हवेपेक्षा रूळ बराच जास्त तापतो), तर फरक २५ अंशांचा. म्हणजे एका रुळात साडेसत्तेचाळीस टन दाब, दोन रुळांत मिळून ९५ टन. आणि बाहेरून काहीच दिसत नाही, रूळ शांत पडलेला असतो.

दोन तळहातांत प्लास्टिकची फूटपट्टी धरून दोन्ही टोकांनी दाबा. काही वेळ ती सरळ राहील, मग एकदम फटकन बाजूला वाकेल. रुळाचंही तेच होतं. सांगाडा बाजूला सरकायला लागला की क्षणात सापासारखा वळतो आणि तेवढ्यात गाडी आली तर घसरते. त्याला बाजूला सरकण्यापासून रोखतं काय? स्लीपरचं खडीशी घर्षण. आणि घर्षण कशावर अवलंबून? वजनावर.

इथे सिमेंटने बाजी मारली. सिमेंटचा स्लीपर पावणेतीनशे किलोच्या आसपास; त्याची नवी रुंद रूपं त्याहून जड. लाकूड आणि पोलाद ऐंशी किलोचे. पोलादी स्लीपरवर लांब रूळ टाकताच येत नाहीत असं नाही. त्याची रुतलेली टोकं आणि पोटातली खडी चांगली पकड देतात. पण ती पकड खडी नीट ठासलेली असण्यावर अवलंबून. सिमेंटचा स्लीपर नुसता तिथे पडून राहण्याने अर्धं काम करतो. आपण ज्याला त्याचा जडपणा म्हणू, तीच त्याची लायकी ठरली.

लाल दिवा का लागतो

दुसरं कारण विजेचं. गाडी नेमकी कुठे आहे हे सिग्नलला कसं कळतं? रुळाचा एक तुकडा दोन्ही टोकांना विजेपासून तोडलेला असतो. एका टोकाला छोटी बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे वीज आली की उचलली जाणारी चुंबकी कळ. वीज एका रुळातून जाते, रिलेतून फिरून दुसऱ्या रुळातून परत येते. रिले उचललेला असतो, तोवर सिग्नलला वाट मोकळी. गाडी आली की तिचा पोलादी आस दोन रुळांना जोडतो, विजेला जवळची वाट मिळते, रिलेपर्यंत ती पोचत नाही, रिले पडतो आणि मागे लाल दिवा लागतो. रूळ तुटला किंवा बॅटरी संपली तरी रिले पडतो आणि लालच लागतो. इतकी साधी आणि इतकी भरवशाची युक्ती क्वचित पाहायला मिळते.

आता त्या दोन रुळांच्या खाली पोलादी पन्हळ घाला. ती स्वतःच दोन रुळांना जोडून टाकते. सिग्नलच्या दृष्टीने तिथे कायमची गाडी उभी! लाल दिवा जाणारच नाही. उपाय आहे: रुळाखाली रबर, जबड्यापाशी नायलॉनचे तुकडे घालून वीज अडवायची. पण दर किलोमीटरला १,६६० स्लीपर, प्रत्येकावर दोन जागा. त्यातला एक तुकडा झिजला की सिग्नल लाल आणि दोष कुठे आहे ते शोधत फिरायचं. ज्या मार्गावर तीन-तीन मिनिटांनी लोकल सुटते, तिथे हे परवडत नाही.

मुंबईत तर आणखी एक गुंता होता. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १,५०० व्होल्टच्या एकदिश (डीसी) विजेवर, आणि ही पद्धत मध्य रेल्वेवर २०१६ पर्यंत कुठे ना कुठे टिकून होती. वरच्या तारेतून आलेली वीज रुळांतून परत जाते. त्यातली थोडी जमिनीत गळते. एकदिश वीज धातूतून ओल्या जमिनीत उतरते तिथे ती धातूचे कण सोबत नेते. सोनार दागिन्याला मुलामा देतो तीच क्रिया, उलटी. रुळांखाली पोलादी स्लीपर असतील तर ही गळती वाढणार आणि स्लीपर आतून खाल्ले जाणार, हे उघड आहे.

बैलगाडीची धाव आणि सिमेंटचा ठोकळा

सिमेंट काँक्रीटला दाबलं तर ते भरपूर सोसतं, ताणलं की तडकतं. स्लीपर तर दर गाडीला वाकतो, म्हणजे त्याची एक बाजू ताणली जातेच. मग तो टिकतो कसा?

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव कशी चढवतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात, विस्तवात लालबुंद तापवून फुगवतात, चाकावर बसवतात आणि वरून पाणी ओततात. ती आकसते आणि पाटे, आरे, तुंबा सगळ्यांना आवळून धरते. चाक आधीच दाबात असतं, म्हणून खड्ड्यात आपटलं तरी सांधे उघडत नाहीत. काँक्रीटच्या स्लीपरमध्ये हीच अक्कल आहे. साच्यात पोलादी तारांचे अठरा पीळ, प्रत्येकात तीन मिलिमीटरच्या तीन तारा, यंत्राने ताणून धरतात. प्रत्येक पिळाला सुमारे पावणेतीन टनांचा ताण. त्यांच्याभोवती काँक्रीट ओततात. ते घट्ट झालं की टोकं सोडतात. तारा आकसू पाहतात आणि काँक्रीटला दोन्ही बाजूंनी आवळतात. आता गाडीच्या भाराने जो ताण येतो तो आधी हा दाब खात बसतो. तडा जायची वेळच येत नाही. म्हणजे सिमेंटच्या स्लीपरमध्येही पोलाद आहेच, फक्त ते पोटात शिरलंय.

रूळ धरायला चावी गेली आणि वळलेल्या पोलादी सळईची स्प्रिंग आली. पेर पांडे-रोल्फसेन या नॉर्वेच्या माणसाने १९५७ मध्ये ती काढली. त्याच्या नावावरून पँड्रॉल क्लिप. ही क्लिप सतत रुळाला दाबून धरते, थरथरीने सैल होत नाही. आणि काँक्रीटला लवचीकता नाही, म्हणून रूळ आणि स्लीपर यांच्यामध्ये रबराची पट्टी घालतात. लाकूड जे फुकट देत होतं, ते इथे रबराकडून विकत घ्यावं लागतं.

दोष? आहेत की. गाडी घसरून चाकं स्लीपरवरून गेली तर लाकूड ओरखडे सोसतं, पोलाद वाकतं, काँक्रीटचे मात्र तुकडे होतात. शेकडो स्लीपर बदलावे लागतात. माणसांच्या हाती तो उचलत नाही, बीटरने, म्हणजे खडी ठासायच्या लोखंडी हत्याराने, खडी ठासायला गेलं तर कडा फुटतात, म्हणून सगळं यंत्रांनी करावं लागतं. आपल्याकडे १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून हे स्लीपर येऊ लागले, पण यंत्रं आल्यावरच ते खऱ्या अर्थाने पसरले. शिवाय त्यांना भंगारात किंमत शून्य. पण हाही फायदाच ठरला बघा: पोलादी चाव्या आणि बिडाचे स्लीपर रातोरात भंगारवाल्याकडे जायचे. पावणेतीनशे किलोचा सिमेंटचा ठोकळा कोण चोरणार?

पोलाद कुठे टिकून आहे

नदीवरच्या जुन्या लोखंडी पुलावरून गाडी जाते तेव्हा आवाज एकदम बदलतो, खाली थेट पाणी दिसतं. तिथे खडी नसते. स्लीपर सरळ गर्डरवर बसवलेले असतात. अशा जागी जड आणि ताठ काँक्रीट चालत नाही. शतकभर तिथे लाकूडच होतं, कारण गर्डरच्या रिव्हेटवर नीट बसेल असं ते तासता येतं. चांगलं लाकूड मिळेनासं झालं तेव्हा पुलांवर पन्हळीसारखे पोलादी चॅनल स्लीपर आले. मेन लाइनवर जो हलकेपणा दोष होता, तो पुलावर गुण झाला.

जगात इतर ठिकाणीही पोलाद आपापली जागा धरून आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमध्ये वाळवीपुढे लाकूड टिकत नाही, आणि तिथल्या उसाच्या छोट्या रेल्वेंना हलका, झटपट टाकता येणारा स्लीपर हवा असतो. निलगिरीच्या गाडीच्या वाटेवर दोन रुळांच्या मध्ये दात्यांची पट्टी तुम्ही पाहिली असेल. स्वित्झर्लंडमधल्या अशा दात्यांच्या घाटमार्गांवर पोलादी स्लीपर जुन्या काळापासून आहेत. जर्मनीत तर इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे पोलादी स्लीपर आहेत. त्यांच्या दुबेळक्यात खडी अडकून बसते, त्यामुळे ते हलके असूनही बाजूला सरकत नाहीत. वजनाची उणीव आकाराने भरून काढली.

आणि अमेरिका? तिथे आजही नव्वद टक्क्यांहून जास्त स्लीपर लाकडी आहेत. मागासलेपणा नाही, हिशोब आहे. ओकची जंगलं जवळ, आणि लाकडी स्लीपर एकेक करून बदलता येतात. लाकडांच्या रांगेत मध्येच एक काँक्रीटचा घातला तर तो ताठ असल्याने शेजाऱ्यांचाही भार स्वतःवर ओढतो आणि आधी मोडतो. बदलायचे तर मैलोन्मैल एकदम. तेवढा पैसा आणि मार्गबंदी कोण काढणार?

पुलांसाठी हल्ली काचतंतू आणि राळ यांचे स्लीपर येत आहेत. जपानमध्ये ते १९८०च्या दशकापासून आहेत. करवतीने कापता येतात, भोक पाडता येतं, कुजत नाहीत, वीज वाहत नाही. थोडक्यात, लाकडासारखं वागणारं पण लाकूड नसलेलं काहीतरी. महाग आहेत, पण पुलावर मोजकेच लागतात.

मागे गावी गेलो तेव्हा सायडिंग उखडायचं काम चालू होतं. पोलादी स्लीपर एकात एक बसवून दुपारपर्यंत ट्रकात भरून झाले, लिलावात कुणीतरी घेतले होते. मेन लाइनचे काढून टाकलेले जुने सिमेंटचे स्लीपर कुंपणालगत रचून ठेवलेले. शेजारच्या एका शेतकऱ्याला ओढ्यावर पायवाटेसाठी त्यातले दोन हवे होते. मुकादमाने विचारलं, "नेणार कसे?" चौघांनी मिळून एक उचलून पाहिला, जेमतेम वीतभर हलला. मग त्यांनी तो होता तिथेच टेकवला आणि त्यावर बसून बिड्या ओढल्या.